विश्लेषण : आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, हे संगणक सांगू शकतो?

जामीन किंवा शिक्षा ठरवताना अमेरिकेतील अनेक न्यायालये संगणकाने काढलेला ‘जोखीम गुणांक’ पाहतात. त्यावरून वाद आहे.

गुणांक कसा काढतात?
‘कॉम्पास’ प्रणालीत १३७ प्रश्नांची उत्तरे व जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींवरून १ ते १० गुण मिळतात. गुण जास्त, तर धोका जास्त. सूत्र मात्र कंपनीचे गुपित.

आक्षेप काय?
‘प्रोपब्लिका’ने २०१६ मध्ये फ्लोरिडातील ब्रोवर्ड काउंटीतील नोंदी तपासल्या. पुढील दोन वर्षांत गुन्हा न केलेल्या कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के आधी ‘जास्त धोक्याचे’ ठरले होते. श्वेतवर्णीयांत हे प्रमाण २३ टक्के. कंपनीने पक्षपात नाकारला. समान गुणांचे लोक, वर्ण कोणताही असो, जवळपास सारख्याच प्रमाणात पुन्हा गुन्हा करतात, असा तिचा दावा. दोन्ही गटांत पुन्हा अटक होण्याचे प्रमाणच वेगळे असेल, तर न्यायाच्या या दोन कसोट्या एकाच वेळी पूर्ण होत नाहीत.

न्यायालय काय म्हणाले?
विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच वापराला मुभा दिली. पण शिक्षेचा निर्णय केवळ गुणांकावर नको, असे बजावले.

मग उपयोग कशासाठी?
गुणांक तशाच नोंदी असलेल्या गटाविषयी सांगतो, समोरच्या माणसाविषयी नाही. व्यसनमुक्ती किंवा रोजगाराची मदत कोणाला द्यावी, हे ठरवताना अंदाज चुकला तर फारसे बिघडत नाही. कोठडी ठरवताना चुकला, तर पुन्हा गुन्हा न करणारा माणूस आत राहतो.