दोष नळीचा की लाकडाचा?

‘थ्री नॉट थ्री’ रायफलीची पोलिसांच्या शस्त्रागारांतून बोळवण चालू आहे. उत्तर प्रदेशच्या पोलीस दलाने तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला. कालबाह्य शस्त्र निवृत्त व्हावे हे रास्तच; परंतु तिच्यामागोमाग आर्मरर नावाच्या शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या कारागिराचे निदानकौशल्यही लयास जात आहे आणि त्याची दखल कोणत्याही दफ्तरात घेतली जात नाही, याचे मला मनापासून दुःख वाटते.

चांदमारीवर गोळ्या विखुरल्या की ‘नळी झिजली’ असा शेरा मारून रायफल रद्दबातल करणे हा सोपा मार्ग झाला. परंतु १९०७ साली मंजूर झालेल्या, आणि पुढे हुगळीकाठच्या इशापूर कारखान्यात दीर्घकाळ तयार होत राहिलेल्या मार्क तीन जातीच्या ली-एन्फील्डमध्ये, म्हणजे याच ‘थ्री नॉट थ्री’मध्ये, आतून पाच पीळदार खाचा, म्हणजे आटे, असलेल्या पोलादी नळीइतकेच तिला खालून धरून ठेवणारे लाकूडही निर्णायक असते. बार उडताच मागे येणारा धक्का या लाकडातील दोन लहान खांद्यांवर बसतो. वर्षानुवर्षे तेल मुरून ते खांदे मऊ पडले, चेपले गेले, म्हणजे दर बाराला सारी यंत्रणा किंचित मागे सरकते आणि पुन्हा पूर्वीच्या जागी बसतेच असे नाही. नळीच्या टोकाशी स्प्रिंगवर बसवलेली एक खुंटी तिला खालून वर रेटत असते. ती गंजून अडकली, किंवा पावसाळ्यात फुगलेले लाकूड नळीला एका अंगाने टेकले, तर पहिल्या गोळ्या योग्य जागी लागतात आणि नळी जसजशी तापेल तसतशा पुढच्या गोळ्या एकाच दिशेने सरकत जातात. असा सरकता माग दिसला की जाणता आर्मरर नळीला हात न लावता वरचे लाकडी आवरण उतरवतो आणि कागदाची पट्टी फिरवून लाकूड कोठे घासते ते पाहतो. लक्ष्यावर वाटोळ्याऐवजी लांबट भोके पडू लागली, तरच आटे झिजल्याचा संशय त्याच्या मनात प्रथम येतो. लाकूड फुटू नये म्हणून इशापूरच्या कारागिरांनी काडतूसपेटीच्या पुढे आडवा स्क्रू घालण्याचा प्रघात पाडला, तो हे मर्म ओळखूनच.

नळीचा नाश होतो तोही पुष्कळदा गोळीबारानंतरच्या हयगयीने. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. त्याच्या ज्वलनातून मागे राहणारा क्षार मिठाप्रमाणे हवेतील ओल शोषतो, आणि तो विरघळतो पाण्यात, तेलात नव्हे. म्हणून आधी उकळते पाणी, मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेल, हा क्रम कोकणासारख्या दमट मुलखात तर एक दिवसही चुकवून चालत नसे. नळी साफ करण्याची पुल-थ्रू नावाची दोरी तिरकी ओढण्याच्या सवयीने नळीचे तोंड एका बाजूला झिजते, हा दोषही असाच नकळत हातून घडणारा.

हल्ली काही हौशी दुरुस्तीकार आधुनिक रायफलींचा दाखला देऊन जुन्या रायफलीची नळी लाकडापासून सर्वस्वी मोकळी करतात. हे मला साफ अमान्य आहे. जिची रचनाच टोकाशी दाब गृहीत धरून झाली, तिला त्या दाबापासून वंचित करणे ही दुरुस्ती नव्हे. घाईचे दुसरे उदाहरण याहून खेदजनक आहे. दस्ता धरून ठेवणाऱ्या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पट्टीत बसलेले असते, सबब पुढचे लाकूड उतरवल्याशिवाय तो बोल्ट फिरवला की ते लाकूड फुटते. शंभर वर्षे टिकलेले अक्रोडाचे लाकूड अशा अज्ञानापायी क्षणार्धात कामातून जाते.

ही माहिती छापील नियमपुस्तकांत थोडीफार सापडेल. परंतु खांद्यावर किती जाडीची लाकडी चकती चिकटवावी, ती कोठवर तासावी, खुंटीचा दाब पुरेसा झाला हे बोटाला कसे कळते, हे निवृत्त आर्मररांच्या हातांतच आहे. १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असलेल्या आणि याच रायफलीची काडतुसे बनवलेल्या खडकीच्या परिसरात तरी त्यांना बोलावून, समोर रायफल उघडून ठेवून, त्यांचे काम मराठीत टिपून घेण्याची व्यवस्था शासनाने करावी; आणि भट्टीत जाणाऱ्या रायफलींपैकी निदान दहा-वीस रायफली या कामासाठी, लाकडासकट, बाजूला काढून ठेवाव्यात.