समुद्र पाहिलास, की पॉइंट पाहिलेस?

ग्वाल्हेरच्या मराठी घरात वाढलं की दोन प्रश्न जन्माला पुरतात. मुंबईत कुणीतरी विचारतं, "ग्वाल्हेर? मग तुझं मराठी एवढं चांगलं कसं?" आणि ग्वाल्हेरला आलेला पर्यटक विचारतो, "यहाँ मराठी लोग भी रहते हैं?" दुसऱ्या प्रश्नाचा मला फार राग येतो. हा पाहुणा सकाळी किल्ला आणि मानमंदिर, दुपारी जयविलास महाल, जाता जाता तानसेनाची कबर आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी एवढं उरकून संध्याकाळी आग्र्याची गाडी पकडतो. लष्करातली आमची घरं, आमचे गणपती त्याला दिसतच नाहीत. यादीत नसतात ना!

गेल्या डिसेंबरात मी कोकणात गेलो आणि नेमकं तेच करून आलो.

आम्ही पाच मित्र, तीन दिवस, तारकर्ली-मालवण. पहिल्या दिवशी देवबागला पॅरासेलिंग, बनाना राइड आणि कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम. दुसऱ्या दिवशी स्कूबा. पाण्याखाली होतो जेमतेम काही मिनिटं, त्यातली निम्मी व्हिडिओसाठी हात हलवण्यात गेली. मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले होते. तेव्हा त्यात मला काही गैर वाटलं नाही. सकाळी किनाऱ्यावर बायका-पुरुष ओळीने उभं राहून रापणीचं जाळं ओढत होते. आम्ही एक रील काढला आणि नाश्त्याला पळालो. दोर ओढणाऱ्याला त्या माशांत वाटा मिळतो, हे मला नंतर कळलं. विचारलं असतं तर आम्हीही दोराला हात लावला असता. तिसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, बोटवाल्याने दिलेल्या तासाभरात.

सुट्टीत घरी गेलो. आमचं मूळ घराणं कोकणातलं, पण आजीने समुद्र कधी पाहिलेला नाही. तिने मोबाइलवरचे सगळे फोटो चष्मा लावून बघितले. मग म्हणाली, "चारी बाजूंनी खारं पाणी. मग किल्ल्यावरची माणसं प्यायची काय रे?"

मला सांगता येईना. किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी किल्ल्याचं काम सुरू केलं, तिथे भर समुद्रात गोडं पाणी होतं, ही केवढी मोठी गोष्ट! आणि त्यातल्या एका विहिरीपाशी मी सेल्फी काढला होता. तोच फोटो आजीच्या हातात होता. विहीर दिसली होती, प्रश्न पडला नव्हता.

अशा वेळी मला गोडसे भटजी आठवतात. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली काकाबरोबर मजल दरमजल करत आमच्या ग्वाल्हेरला आला. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढंच डोक्यात. सापडला बंडाच्या धामधुमीत. पण वाटेतली माणसं, शहरं, रीतीभाती त्याने अशा बघितल्या की १९०७ साली छापलेला त्याचा 'माझा प्रवास' आपण आजही वाचतो. कोकणातला माणूस पैशासाठी आमच्याकडे आला आणि एवढं बघून गेला. मी खास बघायला म्हणून त्याच्या कोकणात गेलो, आणि काय आणलं? फोटो.

माझा मित्र म्हणतो, "तीन दिवसांची सुट्टी असते बाबा! मजा करायची नाही का? आणि तुझ्यासारखे सगळे विहिरीच बघत बसले तर बोटवाल्याने खायचं काय?" त्याचं चूक नाही. पावसाळ्यात बोटी बंद असतात, जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. उरलेल्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं असतं. म्हणून स्कूबा करू नका असं मी म्हणणार नाही. पण पाच गावं आणि दहा पॉइंट यांच्याऐवजी एक गाव आणि दोन मुक्काम एवढं तरी करता येईल.

मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने गावकऱ्यांबरोबर तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखली. उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येतात, तेव्हा लोक गावातल्या घरांत उतरतात, घरचं जेवतात आणि किनाऱ्यावर दोरीच्या अलीकडे उभे राहून वाट बघतात. एखाद्या दिवशी एकही पिल्लू येत नाही. पैसे भरले म्हणून कासव वेळ पाळत नाही, हे समजायला तसा एक दिवस वाट्याला यावाच. गावाच्या खिशात पैसा जातो आणि पाहुण्याला गाव कळतं.

हे वेळास म्हणजे नाना फडणवीसांचं गाव. महादजी आणि नाना यांच्या गोष्टी ऐकत आम्ही ग्वाल्हेरची मुलं मोठी झालो, आणि नानांचं गाव समुद्रावर आहे हे मला कासवांमुळे कळलं!

येत्या मार्चमध्ये आजीला घेऊन तिथे जाणार आहे. ग्वाल्हेरहून मंगला एक्सप्रेस थेट रत्नागिरीला जाते. पुढे एकच गाव, तीन दिवस. पिल्लं दिसली नाहीत तर समुद्र आहेच, आणि आजी गावातल्या बायकांशी बोलत बसेल.

तुम्हीही कधी ग्वाल्हेरला आलात तर एक दिवस जास्त ठेवा. किल्ला बघाच. पण संध्याकाळी लष्करात एक चक्कर मारा. कुठल्यातरी घरातून मराठी ऐकू येईल. दार वाजवायला हरकत नाही.