गॅस भरण्याआधी बाहेरचे युनिट धुवा

कुरुंदवाडसारख्या गावातही कापड दुकानातला ए.सी. आता चैनीची वस्तू राहिलेला नाही. लग्नाचे बस्ते एप्रिल-मेमध्ये निघतात आणि नेमके त्याच दिवसांत भर दुपारी बाहेरचे युनिट तापून बंद पडते. गिऱ्हाईक घामाघूम होऊन उठते. मिस्त्री "गॅस संपला" म्हणतो, मोठे बिल होते आणि आठ दिवसांत पुन्हा तीच तक्रार! व्यापारी आणि कारागीर दोघांनीही हा प्रकार थांबवला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ए.सी.मधील गॅस पेट्रोलप्रमाणे जळून संपत नाही. तो बंद नळीतच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फाटक्या पोत्यात धान्य ओतणे होय.

दीड टनी ए.सी. ताशी सुमारे १८,००० बी.टी.यू. उष्णता दुकानातून ओढतो. त्यात कॉम्प्रेसरच्या उष्णतेची भर पडते. ही सारी उष्णता बाहेरच्या युनिटच्या कॉइलमधून हवेत जायची असते. कॉइलवर धूळ आणि सुताचे तंतू बसले, किंवा युनिट अरुंद बोळात भिंतीला चिकटवून ठेवले, की गरम हवा तिथेच कोंडते. आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसर तापतो आणि त्याचा संरक्षक स्विच वीज तोडतो. निवल्यावर तो पुन्हा सुरू होतो. अशा वेळी यंत्र बिघडलेले नसते, गुदमरलेले असते.

म्हणून तपासणीचा क्रम असा असावा : प्रथम कॉइलची सफाई, मग युनिटभोवतीची मोकळी जागा, मग पंखा व त्याचा कपॅसिटर, नंतर व्होल्टेज आणि सर्वांत शेवटी गॅस. सफाईपूर्वी मेन स्विच बंद करावा. पाणी कमी जोराने मारावे, नाहीतर कॉइलच्या नाजूक पट्ट्या वाकतात. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार राहतो, म्हणून त्याला जाणकारानेच हात लावावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरासारखे पाणी आले आणि युनिट बुडाले, तर तपासल्याशिवाय ते मुळीच सुरू करू नये.

दोष एकट्या मिस्त्रीचा नाही. तासभर उन्हात उभे राहून कॉइल धुणाऱ्याच्या मजुरीत व्यापारी घासाघीस करतात आणि गॅसचे पैसे मात्र मुकाट्याने मोजतात. मेहनतीला किंमत नसेल, तर कारागीर गॅसच विकणार!

व्यापारी बंधूंनी सफाईची मजुरी खुशीने द्यावी. कारागीर बंधूंनी साबणाच्या फेसाने गळती दाखवूनच गॅस भरावा आणि काय दुरुस्त केले ते बिलावर लिहावे. दुकान थंड राहील आणि एकमेकांवरचा भरवसाही टिकेल.