लोकरीचा गुंडा आणि मांजरी

शाळेतून कासारवाडीच्या घरी आलो की वह्या तपासण्याआधी आम्ही विणकामाच्या सुया हाती घेतो. चार टाके सुलट, चार उलट पडतात न पडतात तोच आमच्या दोन्ही मांजरी गुंडा पळवतात. सासूबाई म्हणत, "हा स्वेटर मांजरींचाच होणार!" आम्हीही हसत असू.

गेल्या थंडीत धाकटीच्या तोंडातून वीतभर धागा लोंबताना दिसला. आम्ही ओढणार, तोच मुलीने हात धरला, "अम्मी, थांब!" जनावरांच्या डॉक्टरांनी धागा जिभेखालून कापून सोडवला आणि म्हणाले, "ओढला नाहीत, बरे केलेत." मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला धागा त्याला सहसा थुंकता येत नाही, तो गिळला जातो. एक टोक अडकून राहिले की आतडी चुणतात, चिरतातही. उलट्या झाल्या, खाणे सुटले, तर वाट पाहू नये.

हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना हे नाव मांजराच्या पिल्लाच्या मायेतून मिळाले. माया म्हटली की राखणही आलीच. आता आमची लोकर झाकणाच्या डब्यात असते आणि मांजरींना खेळायला कागदाचा बोळा. स्वेटरची एक बाही अजून बाकी आहे.