घरच्या श्रवणकक्षासाठी मापनाचा मायक्रोफोन

रायपुरातील नव्या वसाहतींत बैठकीची खोली पुष्कळदा अशी असते: सुमारे चार मीटर लांब, तीन मीटर रुंद, सिमेंटच्या गिलाव्याच्या भिंती, वर काँक्रीटचा स्लॅब आणि खाली गुळगुळीत फरशी. अशा खोलीत उत्तम ध्वनिवर्धक आणून बसविले, तरी खर्जातील एखादा ध्वनी अकारण घुमतो आणि त्याच्या शेजारचा विरून जातो. येथे दोष यंत्राचा नसून खोलीचा असतो. समोरासमोरच्या भिंतींवर आपटून ध्वनिलहरी मागे फिरतात, आणि जिची अर्धी लांबी खोलीच्या लांबीइतकी भरते ती लहर तेथेच ठाण मांडते. हिवाळ्यात १५ अंश तापमानास ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ३४० मीटर असतो. म्हणून चार मीटरच्या खोलीत ही कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या, साडेबेचाळीसच्या आसपास येते. मे महिन्यात बंद खोली ४० अंशांपर्यंत तापली, की तीच ४४ च्या वर सरकते.

हा दोष शोधण्याची युक्ती आता सर्वांच्या आवाक्यात आली आहे. संगणक खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा स्वर वाजवितो, श्रोत्याच्या जागी ठेवलेला मायक्रोफोन तो टिपतो, आणि ‘रूम ईक्यू विझार्ड’सारखी विनामूल्य मिळणारी आज्ञावली त्याचा आलेख काढून दुरुस्ती सुचविते. मात्र मायक्रोफोन जे सांगेल तेवढेच संगणकास कळते. मायक्रोफोनच सदोष असेल, तर त्याचा दोष खोलीच्या माथी मारला जातो आणि नसलेल्या रोगावर औषध दिले जाते.

(आपल्या भाषेत ‘ध्वनिक्षेपक’ हा शब्द कोणी मायक्रोफोनसाठी, तर कोणी कर्ण्यासाठी योजतात. यास्तव येथे रूढ ‘मायक्रोफोन’ हाच शब्द पत्करला आहे.)

गायनासाठीचा मायक्रोफोन या कामी निरुपयोगी ठरतो. रंगमंचावर सर्वत्र दिसणारा शुअर कंपनीचा एसएम५८ घ्या. गायकाचे शब्द स्पष्ट यावेत म्हणून तो वरच्या स्वरांस मुद्दाम उठाव देतो. समोरचे अधिक आणि मागचे कमी ऐकतो. दूरचा खर्जही त्यास कमीच ऐकू येतो. गायनासाठी हे गुणच होत. पण मापनासाठी तो वापरला, तर संगणक वरचे स्वर दाबील आणि खर्ज नाहक वाढवील. मोबाईलच्या मायक्रोफोनची गतही फारशी निराळी नाही. तो बोलण्यासाठी घडविलेला असतो, आणि अनेक मोबाईल खालचे स्वर आपण होऊनच गाळतात.

मग निवडावे काय? माझे मत स्पष्ट आहे. सर्व दिशांनी सारखे ऐकणारा, लहान तोंडाचा आणि स्वतःच्या अनुक्रमांकाची अंशशोधन-नोंद असलेला मायक्रोफोन घ्यावा. याहून अधिक खर्च करू नये. अंशशोधन म्हणजे अधिक विश्वसनीय साधनाशी ताडून काढलेली चुकीची यादी. यादी हाती असली, की चूक वजा करता येते. साधन अचूक असण्यापेक्षा त्याची चूक ठाऊक असणे घरगुती कामास अधिक मोलाचे आहे. १९६२ साली गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत इलेक्ट्रेट मायक्रोफोन सिद्ध केला, तेव्हापासून अशी साधने पुष्कळ स्वस्त झाली. मिनीडीएसपी कंपनीचा यूमिक-१ हा या वर्गातला. तो यूएसबी तारेने थेट संगणकास जोडता येतो, आणि अनुक्रमांकावरून त्याची नोंद मिळते. नोंदी दोन असतात, एक ध्वनिवर्धकाकडे रोखून मोजण्यासाठी आणि दुसरी छताकडे उभा धरून मोजण्यासाठी. त्यांची अदलाबदल झाल्यास वरच्या स्वरांत फरक पडतो, खर्जात जवळजवळ नाही. आणि घरातील खरे भांडण खर्जाशीच असते! प्रयोगशाळेच्या दर्जाचा महागडा मायक्रोफोन त्यात विशेष भर घालीत नाही. मोजतेवेळी कूलर आणि पंखा बंद ठेवणे मात्र अगत्याचे आहे.

१८९५ साली हार्वर्ड येथील फॉग व्याख्यानगृहात साडेपाच सेकंद निनाद रेंगाळत असे, तो वॉलेस सॅबिन यांनी मोजला तेव्हा त्यांच्यापाशी मायक्रोफोन नव्हता. एक ऑर्गनची नळी, वेळ मोजण्याचे साधन, स्वतःचे कान आणि शेजारच्या नाट्यगृहातून रात्री आणलेल्या गाद्या एवढ्यावर त्यांनी नियम शोधला. खोली सुधारतात त्या गाद्या, पडदे आणि बैठकीची जागा. खोलीच्या मध्यभागी वर सांगितलेला खर्ज लुप्त होतो. तो परत आणण्यासाठी आवाज १० डेसिबेलने चढवावा, तर विवर्धकास दहापट शक्ती खर्चावी लागते, आणि पदरात फारसे काही पडत नाही. सोफा हातभर मागे सरकविणे त्याहून स्वस्त पडते.

हे साधन एका घरास वर्षातून दोनतीनदाच लागते. म्हणून प्रत्येकाने ते विकत घ्यावे, हे मला पटत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाने एक मायक्रोफोन घेऊन पुस्तकाप्रमाणे आठवडाभरासाठी द्यावा; शाळांनी तोच आणून वर्गखोलीचा निनाद मोजावा. पेटीत त्याच अनुक्रमांकाच्या नोंदीची छापील प्रत ठेवावी, आणि साधन परत घेताना मायक्रोफोनवरील व प्रतीवरील आकडे ताडून पाहावेत.