सोपी आहे, जा बिनधास्त!

‘हरिश्चंद्रगडाला जायचंय, वाट कशी आहे?’ अनोळखी माणसाचा एवढाच प्रश्न. वय काय, याआधी कधी डोंगर चढलाय का, सोबत कोण, महिना कोणता, कशाचाच पत्ता नाही. उत्तर मात्र तत्काळ: ‘सोपी आहे, जा बिनधास्त!’

कुठली वाट सोपी? पाचनईहून लेकराबाळांना घेऊनही लोक गडावर पोचतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जायचं, तर पल्ला लांबतो आणि खिंडीनंतर कातळटप्पा लागतो. बेलपाड्याची नळीची वाट म्हणजे दगडधोंड्यांनी भरलेली उभी घळ. तिथे नवख्याने दोराशिवाय आणि जाणत्या माणसाशिवाय पाऊल ठेवू नये. गड एकच, पण ‘सोपी’ म्हणणारा स्वतः कुठून गेला होता, हे त्याच्या उत्तरात कुठेच नसतं.

बरं, वाट तीच धरली तरी महिना बदलला की डोंगर बदलतो. डिसेंबरात कोरडा पडलेला ओढा जुलैत माणसाला ओढून नेऊ शकतो. पाऊस सरल्यावर गवत माजतं आणि ढोरवाटा खऱ्या वाटेहून ठळक दिसतात. ढग उतरले की गडावरच्या कोकणकड्याची कडच दिसत नाही. हा कडा पोटाशी आत वळलेला आहे. टोकावर उभ्या असलेल्याच्या पायांखाली दगड किती जाडीचा आहे, ते वरून कळत नाही. हे सांगायचं सोडून आपण ‘दोन तासांत पोचाल’ म्हणतो. दोन तास कुणाचे? दर रविवारी डोंगरात असणाऱ्याचे की खुर्चीत बसून पाठ धरलेल्याचे?

सल्लागाराचीही पंचाईत आहे, हे मान्य. ‘जाऊ नका’ म्हटलं की तो शहाणपणा शिकवणारा ठरतो, आणि विचारणारा दुसऱ्या कुणाकडून ‘बिनधास्त’ ऐकून निघतोच. (असल्या प्रश्नकर्त्याला बहुधा माहिती नको असते, होकार हवा असतो.) पण म्हणून न पाहिलेल्या गुडघ्यांची हमी कशी द्यायची?

उत्तर देण्याआधी उलट विचारावं: कुठल्या वाटेने, कधी, कुणाबरोबर? आणि शेवटी पायथ्याच्या गावातला वाटाड्या घ्यायला सांगावं, त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायलाही. काल रात्री वर पाऊस किती झाला, हे त्याला ठाऊक असतं. एवढं विचारायला सवड नसेल, तर कृपा करून गप्प बसावं.