फ्रेमबाहेरची पवना

तर मंडळी, ठरलं होतं असं की पुण्याहून थेट तवांगला जायचं. गाडीनं. दोघींनीच. वाटेत तंबू टाकायचे, दिसेल ते शूट करायचं आणि परत येऊन त्याची झक्कास डॉक्युमेंटरी करायची. प्रत्यक्षात आम्ही पोचलो लोणावळ्याला. हसू नका, पुढे ऐका.

माझी ही मैत्रीण हिंजवडीत नोकरीला. गेली तीन वर्षं ती दर सोमवारी राजीनामा द्यायचं ठरवते आणि दर मंगळवारी रद्द करते. यंदा मे महिन्यात मात्र तिनं खरंच देऊन टाकला. या कॉलमपुरतं आपण तिला ‘डायरेक्टर’ म्हणू, तिलाही आवडेल. तर डायरेक्टरचं म्हणणं असं की, तवांगसाठी कुणाकडे पैसे मागायचे तर आधी हातात काहीतरी दाखवायला हवं. तीन मिनिटांचा नमुना. म्हणजे नाटकाची जशी रंगीत तालीम असते, तशी ही आमची ट्रिपची रंगीत तालीम. नोटीस पिरियडचे अठरा दिवस उरले होते. घरी अजून सांगितलं नव्हतं. त्यामुळे हा नमुना जमला नाही तर काय, हा प्रश्न आम्ही दोघींनीही विचारला नाही.

माझी कामं तीन. गाडी चालवायची, व्हॉइस ओव्हर लिहायचा आणि डायरेक्टर चिडली की तिला चहा पाजायचा.

शनिवारी सकाळी चिंचवडहून जुन्या हायवेनं निघालो. देहूरोड, तळेगाव, वडगाव, कामशेत. १७७९ मध्ये मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणलं, ते हे वडगाव. डायरेक्टरनं खिडकीतून एक शॉट घेतला, त्यात फक्त टँकर आला. लोणावळ्यात तर कहर. टायगर पॉइंटवर दरी कमी आणि माणसं जास्त. कॅमेरा कुठेही वळवा, फ्रेममध्ये कुणीतरी मॅगी खात उभं. एका काकांनी तर लेन्ससमोर येऊन विचारलं, ‘‘कुठल्या चॅनलला दिसणार?’’ तिसऱ्या चहानंतर डायरेक्टर म्हणाली, ‘‘मला माणूस नसलेली जागा हवीय. रिकामी. शांत.’’

म्हणून चिक्कीची दोन पाकिटं घेऊन गाडी वळवली आणि दुधिवरे खिंडीतून खाली पवनेच्या काठावर उतरलो.

पवना लेक तुम्हाला माहीत असणारच. तुमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या प्रोफाइल फोटोत मागे तेच पाणी असतं. एका बाजूला तुंग, दुसरीकडे तिकोना, वर लोहगड. लोहगड तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. काठावर तंबूंच्या रांगा. संध्याकाळी चहा-भजी, रात्री बार्बेक्यू, सकाळी पोहे असं सगळं पॅकेजमध्ये. आम्ही गर्दीपासून लांबचा, चारच तंबू असलेला एक कॅम्प शोधला. तो चालवणारे दादा पन्नाशीचे. त्यांची आई तिथंच चुलीवर भाकऱ्या थापत होती.

सूर्य कलायला लागला आणि डायरेक्टरला हवी होती ती फ्रेम मिळाली. सोनेरी पाणी, मागे तिकोना, माणूस एकही नाही. मी तिथंच वहीत व्हॉइस ओव्हर खरडला. ‘निसर्गानं सह्याद्रीच्या कुशीत ठेवलेला आरसा’ वगैरे. वाचून दाखवला. डायरेक्टर खूश. मी त्याहून खूश.

दादा लाकडं रचत होते. हसून म्हणाले, ‘‘ताई, निसर्गानं नाय ठेवला. धरण हाय ते.’’

धरण आहे हे मला माहीत होतं. १९७२ साली ते पूर्ण झालं हेही कुठेतरी वाचलं होतं. फक्त ‘लेक’ म्हटलं की ते डोक्यातून जातं, बघा.

‘‘आमचं घर त्यातच हाय,’’ दादांनी पाण्याकडे हात केला. ‘‘म्या नाय बघितलं. आईनं बघितलंय.’’

डायरेक्टरचे डोळे चमकले. मी ओळखते ती चमक. तिनं लगेच विचारलं, ‘‘दादा, हे कॅमेऱ्यासमोर बोलाल?’’ दादा म्हणाले, नको. का, तर गिऱ्हाईक मजा करायला येतं, त्याला आपलं रडगाणं कशाला ऐकवायचं? धंदा आहे हा. आणि शूटिंग करून गेलेले पुष्कळ आहेत.

आम्ही दोघी गप्प. ज्या जमिनी गेल्या, त्यांच्या पुनर्वसनासाठी इथल्या पुढच्या पिढ्यांनाही आंदोलनं करावी लागली आहेत. आणि त्याच पाण्याच्या काठावर दादा आम्हाला प्लेटमध्ये भजी वाढत होते.

मग बोलता बोलता त्यांनी सहज विचारलं, ‘‘तुम्ही कुठनं आला?’’

‘‘चिंचवड,’’ मी म्हणाले. आणि म्हणतानाच कळलं.

पवनेचं पाणी धरणातून नदीत सुटतं, रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. मी जन्मल्यापासून तेच पाणी पितेय. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा मी त्यावर चिडून एक लेखही लिहिला होता. त्यात दादांसारखं कुणीही नव्हतं.

अजून एक आठवलं. ९ ऑगस्ट २०११. मी नववीत होते. धरणातून थेट निगडीपर्यंत बंद पाइपलाइन टाकायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. त्या दिवशी बौरला त्यांनी एक्स्प्रेस-वे अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन शेतकरी गेले. त्यानंतर पाइपलाइनचं काम थांबलं. माझ्या आठवणीत मात्र त्या दिवसाचं एकच वाक्य आहे. मामा मुंबईहून येत होता आणि आई सारखी म्हणत होती, ‘‘रस्ता बंद आहे म्हणे, हा कधी पोचणार?’’ मामा रात्री उशिरा पोचला. आम्ही जेवलो. विषय संपला.

हे मी दादांना सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

रात्री तंबूत आमचं भांडण झालं. डायरेक्टर म्हणे, ‘‘मूळ शॉट ठेवू. तवांगच्या नमुन्यात धरणग्रस्त कुठे आणतेस?’’ मी म्हणाले, ‘‘मग आरशाचं वाक्य तू वाच. मी वाचणार नाही.’’ ती म्हणाली, ‘‘राजीनामा मी दिलाय, तू नाही.’’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोघी पाठ करून झोपलो.

सकाळी जाग आली तेव्हा डायरेक्टर बाहेर कॅमेरा लावून बसलेली. मे महिन्यात पाणी खूप खाली जातं. पवनेच्या पोटातलं वाघेश्वराचं दगडी मंदिर एरवी वर्षातले बरेच महिने बुडालेलं असतं, तेही उन्हाळ्यात मोकळं होतं. आमच्या समोरच्या काठावरही चिखलाच्या भेगा आणि दगडांच्या रांगा उघड्या पडल्या होत्या. डायरेक्टर झूम करून बघत होती. पोह्यांच्या ताटल्या घेऊन आजी आल्या आणि कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर वाकल्या.

‘‘हे काय समोरचं?’’

‘‘हो आजी.’’

‘‘जरा आलीकडं घे की.’’

डायरेक्टरनं कॅमेरा सरकवला.

‘‘आजून. हां. आता खाली. ते जोतं दिसतंय का? ते पाटलाचं. त्याच्या आलीकडं आमची भातखाचरं. आंबेमोहर व्हायचा. चुलीवर भात चढला की वाडीला कळायचं. आता पुढं ने. सावकाश ने गं, पळतीस कुठं?’’

मंडळी, कंपनीत टीम लीडचंही न ऐकणारी माझी मैत्रीण मुकाट्यानं कॅमेरा फिरवत होती. आजी सांगत होत्या, कुठे विहीर, कुठे चिंच, लग्न होऊन आल्या तेव्हा बैलगाडी कुठे थांबली. पाण्यात आत जिथं काहीच दिसत नव्हतं, तिथंही त्यांनी कॅमेरा थांबवला. ‘‘हितं आमचं घर. ऱ्हाऊ दे थोडा येळ.’’

डायरेक्टरनं राहू दिला.

निघताना तिनं आजींना विचारलं, तुमचा आवाज वापरू का? आजी म्हणाल्या, ‘‘आवाज घे. माझं तोंड नको.’’ दादांनी मान हलवली. पुण्याचे लोक बघतील तर बघू दे, म्हणाले.

नमुना तीन मिनिटांचा होणार होता, तो अकरा मिनिटांचा झाला. संगीत नाही, माझा आरसा नाही. नुसतं पाणी आणि आजींचा आवाज. डायरेक्टरनं तो जिथं पाठवायचा तिथं पाठवला. उत्तर आलं, ‘मूड जरा हेवी आहे. ड्रोन शॉट्स आहेत का?’ तिनं राजीनामा काही मागे घेतला नाही. घरी सांगितलं. तिचे बाबा दोन दिवस बोलले नाहीत, मग गाडीच्या टायरसाठी पैसे दिले.

तुम्ही पवनेला जाणार असाल तर जरूर जा. पाण्यात पोहायला मात्र उतरू नका, तिथं दरवर्षी माणसं बुडतात. बाटल्या परत आणा, भाजी पवनानगरच्या बाजारातून घ्या. आणि तंबूवाल्या दादांना एकदा विचारा, तुमचं गाव कोणतं?

मी ती क्लिप परवा आईला दाखवली. आमच्याकडे पाणी येण्याचा दिवस होता, स्वयंपाकघरात पिंप भरत होतं. आईनं उठून नळ बंद केला आणि पूर्ण अकरा मिनिटं बघितलं. मग म्हणाली, ‘‘आजींचं नाव काय गं?’’

विहीर विचारली, चिंच विचारली, आंबेमोहर विचारला. नाव विचारायचं राहिलं.

येत्या शनिवारी आम्ही दोघी परत जातोय. कॅमेरा घरी ठेवून.